तीन महिन्यांपुरतं नेट

घर हलवताना मी काहीही विसरत नाही अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. त्यामुळे खांदा कॉलनीतलं चौथ्या मजल्यावरचं आमचं घर बंद करून तीन महिन्यांसाठी नवीन पनवेलमध्ये तळमजल्यावर राहायला जायचं ठरलं, तेव्हा मी आठवडाभर आधीच कंबर कसली होती. न्हाणीघरात धरायचा दांडा, उंच खुर्ची, औषधांचा डबा, मिसळणाचा डबा, तुळशीची कुंडी, सगळं जागच्या जागी बांधून तयार होतं. फ्रिज आडवा करायचा नाही हे टेम्पोवाल्याला मी इतक्यांदा बजावलं की शेवटी तो म्हणाला, "काकू, तुम्हीच बसा मागे फ्रिजला धरून." नव्या घरात पहिला चहा झाला, मी नवऱ्याला खुर्चीत नीट बसवलं, समोर लॅपटॉप उघडला आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या घरात इंटरनेट नव्हतं.

दुसऱ्या कोणाला वाटेल, त्यात काय मोठंसं, चार दिवस मालिका बघू नका. आमचं तसं नव्हतं.

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी पनवेलच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली. अलिबागला जाणारी गाडी अमुक फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी चढण्याची घाई करू नये, हे कर्ण्यातून ज्या आवाजात ऐकू यायचं तो आवाज यांचा. घरीसुद्धा तोच. आंघोळीला टॉवेल मागितला तरी शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांना कळायचं. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "हळू बोला हो, मी काही महाडला निघालेली नाही." निवृत्त झाल्यावरही बाजारात लोक यांना आवाजावरून ओळखायचे. तोंड न बघता मागूनच म्हणायचे, "काय साहेब, पेण गाडी किती वाजता?"

दिवाळी होऊन गेली आणि यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अधू झाला, पाय थोडा ओढायला लागला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पेपर वाचायचे, क्रिकेट बघताना झेल सुटला की डावा हात कपाळावर मारून घ्यायचे. पण शब्द तोंडाशी येऊन परत फिरायचे. पाणी हवं असलं की ओठ घट्ट मिटायचे, आता 'पा' येणार असं वाटायचं आणि नुसती हवा बाहेर पडायची. मग ते माझ्याकडे असे बघायचे की मी धावत जाऊन पाणीच काय, घरात असेल नसेल ते सगळं समोर आणून ठेवायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, निदान तीन महिने जिने चढउतार नको. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून हा तळमजला. आणि त्यांनी पुण्याच्या एका मुलीचा नंबर दिला होता, बोलणं शिकवणारी, स्पीच थेरपिस्ट म्हणतात ती. ती रोज सकाळी नाश्त्यानंतर लॅपटॉपवर यायची. एकदम पोरसवदा, पण यांच्याशी इतक्या आदबीनं वागायची की हे तिच्यासाठी रोज डाव्या हातानं दाढी करायला लागले. ती पडद्याच्या अगदी जवळ तोंड आणायची आणि ओठ, जीभ, दात कुठे कसे न्यायचे ते दाखवायची. हे तिच्या तोंडाकडे बघून तसंच करायचे. मला मात्र तिनं पहिल्याच दिवशी दटावलं होतं. "काकू, त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. त्यांना वेळ लागू दे. तुम्ही गप्प बसायचं." मला गप्प बसायला सांगणारी ही पहिलीच व्यक्ती नव्हती, पण मी ऐकलं अशी पहिलीच.

तिनं आणखी एक सांगितलं होतं. हे सुरुवातीचे महिने सोन्यासारखे आहेत, यात खंड पडू देऊ नका. जे यायचं ते बहुतेक याच दिवसांत येतं. आणि नेमक्या याच दिवसांत मी यांना उचलून नेट नसलेल्या घरात आणून ठेवलं होतं.

सुरुवातीला मी घाबरले नाही. माझ्या फोनवर नेट होतंच, ते लॅपटॉपला जोडलं. पण तळमजला, समोर दुसरी इमारत, खिडक्यांना जाडजूड लोखंडी जाळ्या. फोनला रेंज म्हणून जी काही होती ती फक्त स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. मग आम्ही ओट्यापाशीच बसलो, एका बाजूला कुकर, एका बाजूला लॅपटॉप. पुण्याची मुलगी आली, हसली, तिनं 'पा' म्हणायला तोंड उघडलं आणि ती तशीच थिजली. आवाज मागाहून आला, तोही तुटक. यांना कळेना की ओठ मिटायचे की उघडायचे. दोनतीन वेळा तसं झाल्यावर यांनी डाव्या हातानं लॅपटॉप बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी दाढीही केली नाही.

तेव्हा मात्र मी घाबरले. हा माणूस चिडला तर मला चालतं, चिडण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलंय. पण हा माणूस हिरमुसला तर मला काय करावं ते कळत नाही. बोलणं येणार नाही असं यांनी एकदा मनात धरलं की मग पुण्याची काय, लंडनची बाई आणली तरी काही होणार नव्हतं.

मी फोन घेऊन बसले. मोठमोठ्या कंपन्यांना फोन लावले. आधी एक बाई हिंदीत सांगायची की आपकी कॉल हमारे लिये महत्त्वपूर्ण है, मग बराच वेळ सतार वाजायची, मग एक मुलगा यायचा. "मॅडम, मिनिमम एक साल का प्लॅन है." मी म्हणायचे, बाबा, मला तीन महिने हवंय, नंतर माझ्या घरी आहे की नेट. तो म्हणायचा, "तो मॅडम, एक साल का ले लीजिए, तीन महिने यूज कीजिए." एकाला नव्या पत्त्याचा पुरावा हवा होता. मी म्हटलं, मी इथे राहते याचा पुरावा मी स्वतः आहे, ये आणि बघ. एकानं सगळं नीट ऐकून घेतलं, पत्ता टिपला, आणि तासाभरानं कळवलं की त्या बिल्डिंगमध्ये आमची वायर जात नाही. का जात नाही ते त्यालाही माहीत नव्हतं. बाजारातून सिमकार्डावर चालणारी वायफायची एक डबी आणली, दुकानदाराच्या काउंटरवर ती विमानासारखी चालत होती. घरी आणल्यावर तिचा लाल दिवा तेवढा पेटला. मग खांदा कॉलनीतल्या आमच्या जुन्या केबलवाल्याला फोन केला. त्याच्या लग्नात आम्ही जेवलोय, इतका तो घरचा. तो म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी जीव देईन, पण रेल्वेच्या त्या बाजूला माझी हद्द नाय." हद्द हा शब्द मला तेव्हा टोचायला हवा होता. मी आपली चिडून फोन ठेवला.

आमची घरमालकीण वरच्याच मजल्यावर राहायची. घर तिच्या मुलाचं, तो कुवेतला. सगळी बिल्डिंग तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. माझी दिवसभराची आरडाओरड वर ऐकू जात असणार, कारण संध्याकाळी ती मटण पुलावाचा डबा घेऊन खाली आली आणि आम्ही मटण खात नाही हे कळल्यावर परत जाऊन शेवयांची खीर घेऊन आली. मी तिच्यापुढे सगळं रडगाणं गायलं.

"अगं बेटा, मग माझं वायफाय घे ना," ती म्हणाली. "मुलगा रोज कुवेतहून तोंड दाखवतो, त्याच्यासाठीच घेतलंय. आणि तुला पाहिजे तर गावातला केबलवाला आहे, या बिल्डिंगेत त्याचंच नेट. मी बोलते त्याच्याशी. फक्त आत्ता त्याच्या घरी पुतणीची शादी आहे, चार दिवस सबर कर."

तिचं वायफाय आमच्या घरात पोचत नव्हतं, पण खालच्या जिन्यापाशी छान यायचं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी खुर्ची मांडली आणि स्टुलावर लॅपटॉप. मुलगी स्वच्छ दिसत होती, स्वच्छ ऐकू येत होती. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात दूधवाला आला. मग शाळेला निघालेली दोन मुलं, मग वरची एक सूनबाई. सगळे आपले सभ्यपणे बाजूनं जात होते, पण जाता जाता बघणारच. आणि हे, ज्यांच्या आवाजावर भरलेला स्टँड हलायचा, ते जिन्याखाली बसून लहान मुलासारखे 'पा, पा' करत होते. दूधवाल्यानं "लवकर बरे व्हा काका" म्हटलं मात्र, यांनी डाव्या हातानं खुर्चीचा हात धरला आणि उठून घरात गेले. पुण्याची मुलगी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, उद्या बघू.

खालानं चार दिवस थांबायला सांगितलं होतं. मी थांबणाऱ्यातली नाही. समोरच्या विजेच्या खांबावर एक जाहिरात चिकटवलेली होती, 'झटपट इंटरनेट, महिन्याच्या बोलीवर'. त्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "तीन महिने? देतो की." मी खालाला सांगितलं नाही, कोणालाच विचारलं नाही. इंटरनेट आहे, काही पोरीचं स्थळ नव्हे, त्यात विचारायचं कोणाला? दुपारी दोन माणसं वायरचं भेंडोळं घेऊन आली, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर वायर टाकली, ती पावसाच्या पाइपाला बांधत बांधत खाली आणली आणि खिडकीतून आत घेतली. संध्याकाळी आमच्या घरात नेट सुरू झालं. मी देवाजवळ दिवा लावला आणि यांना म्हटलं, "उद्या दाढी करा."

सकाळी यांनी दाढी केली. मुलगी पडद्यावर आली, आपलंच घर, दार बंद, कोणी बघणारं नाही. तिनं ओठ मिटून दाखवले. यांनी मिटले. आणि यांच्या तोंडातून, महिनाभरात पहिल्यांदा, हवेऐवजी आवाज आला. 'पा'. अगदी अस्पष्ट, पण 'पा'च. मुलीनं टाळ्या वाजवल्या. "काका, पुन्हा," ती म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

मी बाहेर धावले. पाइपाला बांधलेली वायर खालून छान होती. वर, गच्चीच्या कठड्याशी, ती कापून सोडून दिलेली होती आणि वाऱ्यावर हलत होती. जाहिरातवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तिथे आमचं जरा मॅटर झालंय," आणि फोन बंद केला. माझा आवाज ऐकून खाला वरून खाली आली. वायर बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "बेटा, मला विचारायचंस ना. ही लाइन गावातल्याची. त्याला न विचारता दुसऱ्याची वायर इथे कोणी घेत नाही. जशा शेताच्या हद्दी असायच्या ना, तशाच आता वायरच्या."

मी चपला घातल्या. खाला मागून म्हणत होती, "आज जाऊ नको, आज हळदी आहे त्यांच्याकडे." पण माझं डोकं इतकं तापलं होतं की मला हळद दिसत नव्हती की कुंकू.

आमच्या सेक्टरला लागूनच ते गाव. आधी गाव होतं, भोवतीची शेतं गेली आणि सेक्टर आले, एवढंच. गल्लीच्या तोंडाशीच मांडव लागला, एवढा मोठा की त्यात आमची अख्खी सोसायटी जेवायला बसली असती. इथल्या गावात लग्नापेक्षा हळद मोठी. कोणी ओळखीचा असो नसो, हळदीला येणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मांडवात बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, एका कडेला दोन म्हाताऱ्या धवले म्हणत होत्या. ब्राह्मणाच्या मंत्रांऐवजी इथे या धवलारणी गाऊन लग्नाचे विधी करतात. स्पीकर अजून सुरू व्हायचे होते. मी त्या सगळ्यांमधून तरातरा गेले आणि ओरडले, "केबलवाला कोण इथला?"

एक चाळिशीचा माणूस शिडीवरून खाली उतरला. हातात माळा, मानेला, कपाळाला आत्ताच कोणीतरी फासलेली हळद. "मी. काय झालं?"

"आमची वायर कोणी कापली?"

"मीच," तो म्हणाला. लपवणं नाही, लाजणं नाही. "आमच्या लाइनीत येऊन दुसरा वायर टाकतो न् आमाला कोन इचारत नाय. कापनारच."

"अरे पण आमचं काय? तुझं आणि त्याचं भांडण, त्यात आम्ही का मरायचं?"

"तुमी नवीन हाय, तुमाला म्हाईत नाय. पन तीन महिन्यांसाठी मी लाइन देत नाय. टाकायची न् काढायची, कोन बसलाय? आनि आज तर नायच नाय. आज हलद हाय. बसा, जेवून जा."

त्या 'जेवून जा'नं माझं उरलंसुरलं भान सुटलं. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण मांडवातल्या बायकांचे तांदळातले हात थांबले होते आणि धवलेही थांबले होते. मी त्याला म्हटलं की मला काही सिनेमे बघायचे नाहीत. माझा नवरा मुका झालाय. तो स्टँडवर बोलायचा आणि आता त्याला पाणी मागता येत नाही. त्याला शिकवणारी मुलगी त्या वायरीतून येते. आज त्याच्या तोंडून पहिलं अक्षर आलं आणि तू वायर कापलीस. एवढं बोलून मी भर मांडवात रडायला लागले, जे मी दवाखान्यातसुद्धा केलं नव्हतं.

केबलवाल्यानं हातातल्या माळा खाली ठेवल्या.

"स्टँडवर, म्हंजी चौकशीचं? जाड आवाजाचं?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "त्यांचा आवाज माझ्या आयेला पाठ होता. पेनला मावशीकडं जायचं तर आमी त्यांनाच इचारायचो." मग मनगटानं कपाळ पुसलं, हळद आणखीनच पसरली. "त्या पोरीचा टाइम अजून हाय का? मंग काकांना हितं आना. माझ्या घरात नेट कवाच जात नाय. मी गाडी पाठवतो."

मी पुण्याला फोन केला. मुलगी म्हणाली, पुढचा पेशंट दुपारी आहे, मी थांबते. गाडी आली ती थंड पेयांचे क्रेट पोचवून आलेली, मागची सीट ओली होती. हे बसायला तयार होईनात. मी म्हटलं, "तिथे खोली आहे, दार बंद होतं, कोणी बघणार नाही. नाही जमलं तर जेवून येऊ." जेवणाच्या नावानं यांनी थोडं हसल्यासारखं केलं.

केबलवाल्याच्या घरातली ती खोली मी कधी विसरणार नाही. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत डबेच डबे, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. सगळ्या गावाचं आणि अर्ध्या सेक्टरचं नेट इथून निघत होतं. यंत्रांसाठी एसी लावलेला, म्हणून हळदीसाठी आणलेली कोल्ड्रिंकही तिथेच रचून ठेवली होती. त्या क्रेटांवर लॅपटॉप ठेवला. मुलगी आली, इतकी स्पष्ट की तिच्या कानातलं दिसत होतं. पण यांचा 'पा' काही केल्या येईना. गाडी, माणसं, नवी जागा, यांनी ओठ घट्ट मिटून ठेवले होते. मी गप्प बसले होते, म्हणजे जीव मुठीत धरून.

बाहेर त्या दोघी म्हाताऱ्यांनी परत धवले सुरू केले. बंद दारातूनही ते आत येत होते, संथ, एकसारखे, वर जाऊन परत खाली येणारे. मुलीनं मान तिरकी केली. "हे कोण गातंय?" मी सांगितलं. आता ती वैतागणार असं मला वाटलं. ती म्हणाली, "काकू, दार उघडा."

दार उघडलं. "काका, शब्द सोडा," ती म्हणाली. "नुसतं त्यांच्याबरोबर गुणगुणा. तोंड बंद ठेवूनच." हे थोडा वेळ ऐकत राहिले. मग छातीतून कुठूनतरी एक हुंकार आला. तो सुरात होता. म्हाताऱ्या वर गेल्या, हेही वर गेले. त्या खाली आल्या, हेही आले. मग तोंड उघडलं. शब्द नव्हते, पण आवाज होता. खरा, जाडजूड, माझ्या ओळखीचा आवाज. तांदूळ निवडणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि या खेपेला हे उठून गेले नाहीत. मुलगी पडद्यातून मला सांगत होती की पुष्कळ लोकांचं बोलणं जातं पण गाणं राहतं, ते मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतं, आता आपण या वाटेनं जाऊ. मी नुसती हो हो म्हणत होते. माझा जीव भांड्यात पडला होता. बाकी काही मला ऐकूही येत नव्हतं.

जेवल्याशिवाय सोडलं नाहीच. हळदीचं जेवण रात्रीचं, पण आमच्यापुरती तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी त्यांनी तेव्हाच वाढली.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष लग्न असताना केबलवाला सकाळीच आमच्या दारात हजर. नखांपर्यंत पिवळा. खालाच्या लाइनीतून एक फाटा काढून त्यानं तो आमच्या बैठकीत आणला, आपल्याच घरातला एक जुना राउटर लावला. मी म्हटलं, तीन महिन्यांसाठी देत नाहीस ना तू? तो म्हणाला, "तुमी तीन दिवस र्‍हावा नायतर तीन वर्सं. पन माझ्या लाइनीत दुसऱ्याची वायर परत घेऊ नका." मी कबूल केलं. खाला जिन्यात उभी राहून हसत होती. "मी काय म्हटलं होतं? चार दिवस सबर कर. तू तर तीनच केलेस."

त्यानंतरच्या सकाळी शांत गेल्या. मुलीनं यांना त्यांच्याच गाड्यांची नावं सुरात लावून दिली. पनवेल, पळस्पे, पेण, वडखळ, असं ते मांडीवर डाव्या हातानं ताल धरत म्हणायचे. आधी अर्धवट, मग पुरी. गावांची नावं यायला लागली, पण मला हाक मारायची किंवा काही मागायचं झालं की अजून अडायचं. मुलगी म्हणायची, येईल, पाठ असलेलं आधी येतं, मनातलं मागून येतं. अधूनमधून नेट थोडं लटपटलं तरी मी लगेच केबलवाल्याला फोन लावायचे. माझ्या फोनमध्ये त्याचाच नंबर कायम सगळ्यात वर असायचा. तो बिचारा "हा काकू, बोला" असं न दमता म्हणायचा.

एके सकाळी मी भाजी आणायला गेले. फोन चार्जिंगला लावून घरीच ठेवला होता. मेथी स्वच्छ मिळाली म्हणून खुशीत परत आले तर फाटकाशी केबलवाल्याची मोटरसायकल. यांना काही झालं आणि खालानं त्याला बोलावलं, असंच मला वाटलं. धावत आत गेले तर तो जिन्याजवळ स्टुलावर उभा राहून वर वायर जोडत होता.

"काय झालं? काका कुठेत?"

"काका बरं हाईत. आत बसलेत. उंदरानं वायर खाल्ली हिथं."

"मग तुला कोणी बोलावलं? खालानं?"

"काकांनी," तो म्हणाला. "तुमच्या फोनवरून फोन केला ना त्यांनी."

मला वाटलं, नंबर दाबला गेला असेल, हा उगाच आला असेल. "आणि ते काय करणार बोलून? तुला कसं कळलं?"

"बोलले की." तो स्टुलावरून खाली उतरला आणि हात झटकले. "पयलं काय नाय, नुसता श्वास. मी बोल्लो, कोन हाय? काकू, तुमी हाय का? मंग काका बोलले, नेट. मी बोल्लो, काय झालं नेटला? तर बोलले, गेलं. मी बोल्लो, येतो काका, अर्ध्या तासात येतो. तर बोलले, लवकर."

आतून लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज आला आणि पुण्याची मुलगी नमस्कार म्हणाली. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर बसले.

"परत सांग," मी केबलवाल्याला म्हटलं. "काय काय म्हणाले ते सगळं सांग."

त्यानं परत सांगितलं. मग मी त्याला आणखी एकदा सांगायला लावलं.